पांढरी जीप, तिची किंमत आणि माझी इतर किरकोळ मालमत्ता

मी, विश्वंभर किसनराव काळबांडे, वय वर्षे छप्पन्न, धंदा शेती व वार्ताहरकी, राहणार मौजे रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. ते कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने लिहीत नसून निव्वळ स्वतःच्या भीतीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असून हृदय तेवढे नादुरुस्त आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे धाकटे बंधू जगदेव यांचे मत नेमके उलटे आहे, पण त्यांनी दाखला जोडलेला नाही.

कारण असे की, येत्या सोमवारी अकोल्याला माझ्या छातीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, आम्ही रोज करतो." ते रोज करत असतील. मी पहिल्यांदाच करतो आहे. शिवाय जिल्ह्याच्या दैनिकाला गेली पंचवीस वर्षे मी बातम्या पाठवतो, आणि "उपचारादरम्यान" हा शब्द मी किती वेळा लिहिला व त्याच्यापुढे दर वेळी काय लिहिले, हे मला विसरता येत नाही. सबब ही तजवीज.

कलम १. रिठद येथील राहते घर, अंगण व बोअरवेलसह, माझ्या पश्चात माझी पत्नी वच्छला हिचे. पाठशाळेतून शिकून आल्यामुळे लग्नानंतर वर्षभर मी तिला वत्सला म्हणत होतो. ती ओ देत नव्हती. पुढे मी सुधारलो. घराविषयी तिला वेगळे सांगण्यासारखे काही नाही, कारण या घरात कोणती वस्तू कुठे आहे हे मला कधीच माहीत नव्हते.

कलम २. माझ्या हिश्श्याला आलेली शेती वच्छला हिच्या हयातीपर्यंत तिने वहिवाटावी, पश्चात आमची मुलगी वैष्णवी हिने. बंधू जगदेव यांच्या व माझ्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जे बाभळीचे झाड आहे, ते कोणाचे यावरून आम्ही दोघे अकरा वर्षे बोलत आहोत. ते झाड मी या कलमान्वये जगदेव यांस देतो. वाद मात्र माझ्या वारसांकडे ठेवतो. झाड वाळेल तेव्हा उपयोगी पडेल.

कलम ३. न्याय, व्याकरण आणि काव्य यांची माझी जुनी पुस्तके दोन ट्रंकांत आहेत. मामाने मला आठ वर्षे पाठशाळेत ठेवले, तिथली ती मिळकत. ज्याला ती हवी असतील त्याला द्यावीत. कोणालाच नको असतील तर ट्रंका वच्छलाने धान्यासाठी वापराव्यात. ती तशीही माझ्या मरणाची वाट पाहत थांबेल असे वाटत नाही, एक ट्रंक गेल्या दिवाळीपासून अर्धी तुरीने भरलेली आहे.

कलम ४. दैनिकाच्या मुख्य कार्यालयात एक उपसंपादक होते. पुलाच्या उद्घाटनाचा फोटो मी काढला आणि त्यांनी स्वतःच्या नावाने छापला. त्यांना मी आजपर्यंत क्षमा केलेली नाही. शस्त्रक्रियेपूर्वी मन मोकळे करावे असे डॉक्टर म्हणाले म्हणून प्रयत्न करून पाहिला. जमले नाही. तो राग कोणास देऊ नये, माझ्याबरोबरच जाऊ द्यावा.

कलम ५. आता मुख्य मुद्दा.

माझ्या नावावर सन २००८चे मॉडेल असलेली, डिझेलवर चालणारी, पांढऱ्या रंगाची एक जीप आहे. मागच्या उजव्या दाराची आतली कडी तुटली असून तिथे सुतळी बांधलेली आहे. पंधरा वर्षे भरल्यावर तिचे पासिंग पुन्हा करून घेतले, ते २०२८ पर्यंत चालेल. म्हणजे कागदोपत्री जीपच्या आयुष्याची मुदत ठरलेली आहे, मृत्युपत्रकर्त्याची नाही.

सदर जीप मी गावाशेजारच्या तांड्यावरील धनराज रूपला राठोड यास विकली आहे. इसार घेतला आहे. नाव चढवण्याची तारीख आरटीओतून दिवाळीनंतरची मिळाली, उरलेली रक्कम त्या दिवशी द्यायची. मधे माझी शस्त्रक्रिया येते, आणि माझ्या झोपेचे जे काही झाले आहे ते या मधल्या दिवसांमुळे.

धनराज आणि त्याची बायको रीता दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. यंदा त्याने ठरवले की प्लास्टिकच्या बादल्या, टोपल्या, चपला जीपमध्ये भरायच्या आणि केनवड, रिठद, आमच्याच जिल्ह्यातले मालेगाव असे आठवडी बाजार करायचे. मुकादमाकडून त्याने ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली नाही. जीप मिळाली तर तो बाजार करील. जीप अडली तर ऊसही गेला आणि बाजारही. माझ्या मरणाने ती अडू नये एवढ्यासाठी पुढील कलमे आहेत.

कलम ६. जुन्या गाडीची किंमत काढणे सोपे असते असे मला वाटत होते. न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत. चारही वापरून पाहिली, चार किमती आल्या.

पहिले साधन प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहणे. मालेगावच्या मुन्ना मिस्त्रीने बॉनेट उघडले, ऑइलची पट्टी काढून बोटावर घासली, जीपखाली आडवा झाला आणि चेसिसवर पाना ठोकून आवाज ऐकला. बाहेर येऊन म्हणाला, "काका, इंजिनात जीव हाये. पत्रा सडून राह्यला. इंजिनाची किंमत सांगू का पत्र्याची?"

"दोन्ही मिळून सांग."

"दोन्ही मिळून तं तुमचीबी सांगता येत नाही, काका."

दुसरे साधन अनुमान. गुरुजींनी शिकवले होते की डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असे समजावे. सायलेन्सरविषयी ते काही बोलले नव्हते. मुन्नाच्या मते पांढरा धूर थंडीचा, काळा डिझेलचा, निळा खर्चाचा. आमच्या जीपचा धूर एरवी पांढरा असतो, गिऱ्हाईक आले की निळा होतो.

तिसरे साधन उपमान, म्हणजे सारख्या वस्तूशी तुलना. केनवडच्या एका गृहस्थाची याच सालची जीप उन्हाळ्यात विकली गेली. पण तिची चारही टायरे नवी होती आणि ती बहुतेक काळ शेडमध्ये झाकलेली असे. आमची जीप झाकून ठेवायला आमच्याकडे कधी एवढे मोठे कापड नव्हते.

चौथे साधन शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. वैष्णवीने पुण्याहून मोबाइलवर माहिती भरली आणि भली मोठी रक्कम सांगितली. मला आनंद झाला. मग लक्षात आले की तिने मीटरवरचे किलोमीटर भरले आहेत. मीटर चार वर्षांपूर्वी बंद पडले. मोबाइलच्या समजुतीप्रमाणे तेव्हापासून जीप अंगणात उभी आहे आणि आम्ही तिची पूजा करतो.

जगदेवने मोबाइलचा आकडा धरला, त्यात थोडे प्रेम मिळवले आणि तोच लावून धरला. धनराजचा आकडा त्याच्या निम्म्यावर होता. मला एकाची कीव येत होती, दुसऱ्याचे पटत होते, आणि कोणते कोणाचे हे रोज बदलत होते. कमी सांगावे तर वच्छलाचे नुकसान. माझ्या माघारी तिच्या हातात रोख म्हणून हेच येणार. जास्त सांगावे तर धनराजचा धंदा पहिल्याच वर्षी बसला असता.

शेवटी जगदेवच म्हणाला, "दौलतसिंगभाऊ सांगतीन तो भाव. मंग माहं काही म्हणणं नाही."

कलम ७. दौलतसिंग हे मालेगावच्या बैलबाजारातले जुने दलाल. जगदेवने आजवर एकही बैल त्यांच्याशिवाय घेतला नाही. गाड्यांतले त्यांना काही कळते असा त्यांचा स्वतःचाही दावा नव्हता. तरीही आम्ही तिघे, म्हणजे मी, जगदेव आणि धनराज, जीप घेऊन बैलबाजारात गेलो, आणि दोन खिल्लारी जोड्यांच्या मधे ती उभी केली.

दौलतसिंगांनी जीपभोवती फेरी मारली. बॉनेटवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. टायरांकडे खुरांकडे पाहावे तसे वाकून पाहिले. मग विचारले, "कितवी दावण हे?"

"दुसरी," मी म्हटले. पहिला मालक रिसोडचा होता.

"चढावर चालवून दाखवा, पंडितजी."

मी चढावर चालवून दाखवली.

"लंगडत नाही," ते म्हणाले. "बसा."

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातांवर टाकतो, त्याखाली विकणाऱ्याची बोटे धरतो, मग घेणाऱ्याची. जितकी बोटे धरली तितका भाव. एका बोटाचे मोल किती, ते आधी ठरलेले असते. नको असेल तर हात झटकायचा, पसंत असेल तर स्वस्थ ठेवायचा. आजूबाजूला शंभर माणसे असली तरी आकडा तीनच हातांना कळतो.

"एक गोष्ट आयकून ठेवा," दौलतसिंग म्हणाले. "आकडा कोणीच तोंडातून काढाचा नाही. आज नाही, उद्या नाही. निंगाला तं सौदा मोडला. मंग माह्या दुपट्ट्यात कोण हात घालीन?"

त्यांनी माझी बोटे धरली. मी झटकली. धनराजची धरली, त्याने झटकली. असे काही वेळा झाले. नंतर त्यांनी माझी काही बोटे धरली आणि मी हात स्वस्थ ठेवला. त्यांनी धनराजचा हात घेतला, त्यानेही ठेवला. "बसला सौदा," म्हणत त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.

मी हात स्वस्थ ठेवला असे वर लिहिले आहे. ते पूर्ण खरे नाही. छातीचे दुखणे सुरू झाल्यापासून माझा उजवा हात थरथरतो. दुपट्ट्याखाली तो थरथरतच होता. दौलतसिंगांच्या पकडीत माझी जितकी बोटे मला वाटली तितकीच होती, की थरथरणारे एक बोट जास्तीचे आत गेले, की बाहेर राहिले, हे मला त्या क्षणापासून समजलेले नाही. आणि सौदा बसल्यावर दलालाला पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या हातावर अविश्वास. मी विचारले नाही.

कलम ८. जगदेव तिथे पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून दुपट्ट्याकडे पाहत होता. कापडाच्या हालण्यावरून आकडा ओळखता येतो असा त्याचा दावा आहे. परतताना तो खूश होता.

"भाऊ, म्या पाह्यलं. कापड कसं हालत होतं! जबर आकडा बसोला तुमी."

मी काही बोललो नाही. बोलायचे नव्हते. त्याने तो होकार समजला. दुसऱ्या दिवशी रिठदच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, सोसायटीच्या ओट्यावर जगदेव आकडा सांगत होता. तो माझ्या थरथरण्याचा आकडा होता, जीपचा नव्हता, पण हे त्याला सांगायचे तर खरा आकडा काय हे सांगावे लागले असते.

संध्याकाळी धनराज आला. ओसरीवर बसला नाही, पायरीशीच उभा राहिला.

"काका, लोक सांगून राह्यले तोच आकडा हाये काय?"

"दौलतसिंगांनी तुझ्या हातावर ठेवला तो आकडा."

"माह्या हातावर ठेवला तो मले ठावं हाये. तुमच्या हातावर कोणता ठेवला?"

मी त्याला वर येऊन बसायला सांगितले.

"जगदेवकाका म्हणते, तुमाले काही झालं तं ते वहिनीसाठी पूरा आकडा वसूल करतीन. म्या डोयानं पाह्यलं म्हणते. तेवढे माह्यापाशी नाही, काका. मुकादमाचा ट्रक दिवाळीनंतर निंगते. आजच सांगा, बसू का त्याच्यात?"

मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितले. जगदेव वाईट माणूस नाही, हे इथे मुद्दाम नमूद करतो. माझ्या माघारी वहिनीच्या ताटात कमी पडू नये एवढेच त्याच्या मनात आहे, आणि त्यासाठी तो तांड्यावरच्या पोराला कोर्टात उभे करील. चांगल्या हेतूच्या माणसाला अडवायचे कसे, यावर माझ्या ट्रंकांतल्या एकाही ग्रंथात काही नाही. मी पाहिले.

सबब, मी स्वतः समजतो तो आकडा या कलमात स्पष्ट अक्षरी व अंकी लिहिला.

कलम ९. वरील आकडा खोडला आहे. खोडाखोड मीच केली असून तिच्या बाजूला माझी सही आहे. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी साक्षीदार म्हणून दौलतसिंग आणि मुन्ना मिस्त्री घरी आले. जगदेव होताच. धनराजला मी बोलावले होते. रिवाजाप्रमाणे मी मृत्युपत्र मोठ्याने वाचू लागलो. बाभळीच्या झाडाला जगदेवने हरकत घेतली, ती नोंदवून मी पुढे गेलो. कलम आठच्या शेवटी आलो तसे दौलतसिंग उठले आणि चपला शोधू लागले.

"दौलतसिंगभाऊ, काय झालं?"

"आकडा लिहला काय तुमी?"

"मृत्युपत्रात लिहावाच लागतो. कायदा आहे."

"मंग कायद्याची सही घ्या. माही कायले पाह्यजे?"

मुन्ना म्हणाला, "चाचा, कागदावर तं हाये. तोंडातून थोडाच निंगाला."

"वाचून राह्यले ना ते! कायनं वाचतीन, कानानं?"

त्यांची सही नसती तर जगदेवने सौदा मानला नसता. जगदेव मानतो तो एकटा दौलतसिंगांचा शब्द. आकडा असता तर दौलतसिंगांची सही नव्हती. आणि माझ्या मनात जी शंका होती ती तर मी अजून कोणालाच सांगितलेली नव्हती. ती या वेळी मी बोलून टाकली. हात थरथरत होता, म्हटले. बोटे किती धरली गेली ते मला नक्की माहीत नाही, म्हटले.

 धनराज जमिनीकडे पाहत होता. दौलतसिंगांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला असे कोणी म्हटले नसावे. मला वाटले, ही माझी शेवटची बेअदबी, आणि तीही यांच्याच वाट्याला.

तेव्हा वच्छला स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पदराला पुसले आणि दौलतसिंगांना म्हणाली, "कापड टाका, भाऊ. दोघंबी माह्या हातावर द्या. मले समजू द्या."

"बाईचा हात म्या कधी दुपट्ट्यात घेतला नाही, बाई."

"तुमी घेऊ नका. कापड तेवढं धरा."

ती पाटावर बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धनराज. दौलतसिंगांनी दुपट्टा टाकला आणि दोन्ही टोके धरून उभे राहिले. वच्छलाने डाव्या हाताने माझा हात धरला. मी समजत होतो तितकी बोटे तिच्या मुठीत दिली. हात थरथरू लागला, तसा तिने तो इतका गच्च दाबला की थरथर थांबली. लग्नाला तीस वर्षे झाली, हा उपाय मला आज कळला.

मग धनराजचा हात. त्याने बोटे दिली असावीत.  नंतर कापड हालले, एकदा माझ्या बाजूला, बरेचदा त्याच्या बाजूला. धनराजने मान वर करून तिच्याकडे पाहिले, पुन्हा खाली घातली, आणि मग एकदाच होकाराची मान हलवली. तिने हात बाहेर काढले.

जगदेव कापडावरून नजर हटवत नव्हता. पण या वेळी त्याला काही वाचता आले नसावे, कारण त्याने विचारले, "वहिनी, काय निंगालं?"

"फरक होता."

"कोणाचा जास्त होता?"

"होता म्हणलं ना. आता नाही."

"पण कितीवर बसला?"

"जगदेवभाऊ, पैसे कोणाच्या हातात येनार हायेत? माह्या. मले चालते. तुमाले काही हरकत?"

जगदेवने माझ्याकडे पाहिले, दौलतसिंगांकडे पाहिले. दौलतसिंग दुपट्ट्याची घडी करत होते. "सौदा बसला," ते म्हणाले, आणि खाली बसून पेन मागितला. जगदेव थोड्या वेळाने म्हणाला, "माही हरकत नाही," आणि तेच वाक्य मी त्याच्याकडून खाली लिहून घेतले आहे.

धनराज अंगणात गेला. मुकादमाला फोन लावून बोललेला आवाज आम्हा सगळ्यांना आला. "दोन माणसं कमी धरा. मी नाही येत, रीताबी नाही येत." एवढेच बोलला आणि जीपच्या सुतळी लावलेल्या दाराला पाठ टेकून तिथेच उभा राहिला.

कलम १०. सबब, अंतिम व्यवस्था अशी: सदर पांढरी जीप ठरलेल्या किमतीस धनराज रूपला राठोड याचीच आहे. माझ्या मरणामुळे सौद्यात फरक पडणार नाही. किंमत वच्छलाने मागावी व धनराजने द्यावी, त्या दोघांखेरीज कोणासही ती विचारण्याचा हक्क नाही. हा हक्क, इथे खेदाने नमूद करतो, मृत्युपत्रकर्त्यासही नाही. मी विचारून पाहिले. साक्षीदार ओसरीवर चहा घेत असताना, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, शक्य तितक्या सहजपणे म्हटले, "अगं, मला तरी सांग. गाडी माझी होती."

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी पयले अकोल्याहून या. घरी आले की सांगीन."

म्हणून हे लिहून देताना सदर जीपची किंमत मला माहीत नाही. ती कळून घेण्यासाठी घरी परत येण्याचा माझा इरादा आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वच्छला विश्वंभर काळबांडे हिने करावी. लिहिले ते वाचून पाहिले, खोडाखोड कबूल आहे.

मृत्युपत्र करणार: विश्वंभर किसनराव काळबांडे (सही थोडी हललेली आहे, ती माझीच)

साक्षीदार:
१. दौलतसिंग, दलाल, बैलबाजार, मालेगाव (सही. खोडलेला आकडा वाचला नाही.)
२. मुन्ना मिस्त्री, मालेगाव (सही)

हरकत नसल्याबद्दल: जगदेव किसनराव काळबांडे (सही. बाभळीबाबत हरकत कायम.)

ठिकाण: मौजे रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५